छत्तीस मिनिटं

हर्णैच्या मच्छीमार सोसायटीतून फोन आला,
नेटवर्क बसलंय.
गेलो. बसलं नव्हतं काही.
'चेअरमन' दिसत नव्हता, एवढंच.

पाच यंत्रं. नावं ज्यानं त्यानं मनानं दिलेली:
डिझेल-१, डिझेल-२, बर्फ, चेअरमन
आणि नवीन-पीसी, जो सगळ्यांत म्हातारा,
ज्याच्या पोटातून मागल्या खेपेला
मी पालीची अंडी काढली होती.
खाऱ्या हवेनं वायरींची तोंडं कळकलेली.

दोरकुळकर क्लार्क खुर्ची ओढून बसले. म्हणाले, सांगा,
ही एकमेकांना ओळखतात कशी?
म्हटलं, डोळे नाहीत यांना. हाका मारतात.
दर बारा मिनिटांनी जो तो ओरडतो:
मी बर्फ, आहे.
मी डिझेल-दोन, आहे.
कुणाला उद्देशून नाही, नुसतंच वायरीत.
आणि एकच जण ते लिहून घेतो.
बाकीचे त्याच्या वहीत डोकावतात
आणि म्हणतात, हा आमचा शेजार.

तो एक कोण, ते निवडणुकीनं ठरतं.
दोरकुळकर सावरून बसले.
आमच्यावर चार वर्षं प्रशासक आहे हो,
निवडणूक लावतच नाहीत.
यांची दोन सेकंदांत होते, म्हटलं.
जीप नाही, मटण नाही.
ज्याची आवृत्ती नवी तो जिंकतो,
बरोबरी झाली तर
जो जास्त वेळ जागा आहे तो.
"मग आमच्यात कुणीही तांडेल निवडून आला असता,"
म्हणाले, आणि चहा सांगायला उठले.

सकाळी वीज गेली तेव्हा डिझेल-१ गचकलं होतं,
यादीत मात्र ठणठणीत.
नावावर टिचकी मारली
तर वाळूचं घड्याळ फिरत राहिलं,
फिरत राहिलं.
तीन हाका चुकल्याशिवाय वही नाव पुसत नाही.
बारा त्रिक छत्तीस.
तेवढा वेळ मेलेलं हजर असतं.

इतक्यात खिडकीशी सुंदरा रघुवीर आली,
डोक्यावरची पाटी न उतरवताच.
वादळाच्या यादीचं विचारायला. पाचव्यांदा.
सुकवायच्या ओट्यावरचं छप्पर गेलं होतं तिचं,
बांबू गेले, बोंबील गेले.
दोरकुळकरांनी कागदावरून बोट फिरवलं,
वर, खाली, पुन्हा वर.
नाव नाही गं यात.
"माजा नाव नाय म्हंजे? मी हाय नं!"
तहसीलवरून आलीय यादी. मी काय करू?
शेजारच्या घराचं नाव होतं. ते घर
वादळाच्या आधीपासून बंद आहे, ती म्हणाली.
ओरडली नाही. कडेच्या गाईला सांगावं तसं म्हणाली.

मी मान खाली घालून
काळ्या खिडकीत आकडा टाकला, शेवटी चौदा.
चेअरमननं पहिल्या हाकेला ओ दिली.
म्हणजे होता तो. सकाळपासून तिथेच होता.
कुणाच्या तरी भाच्यानं नवा अँटिव्हायरस टाकून
त्याच्या तोंडावर हात ठेवला होता.
हात काढला. यादीत नाव उमटलं.
"झालं," मी म्हणालो, जरा मोठ्यानं,
आणि खिडकीकडे बघवेना.

यादी म्हणजे काय,
एकानं ऐकलेलं.
हे मी दोरकुळकरांना सांगायला हवं होतं.
तिला तर नक्कीच.
त्याऐवजी साडेचारशेचं बिल लिहिलं,
पाटीतला ओला वास खिडकीत राहून गेला होता,
आणि रीतसर बंद न करताच
लॅपटॉपचं झाकण मिटलं.

स्कूटर आसूदच्या उतारावर आली तेव्हा आठवलं,
तिथे त्या वहीत
मी अजून आहे.
सुपारीच्या बागेतून पाट वाहताना ऐकू येत होता.
घड्याळ पाहिलं:
आणखी एकोणीस मिनिटं.