वाफसा

गुरुवारी गोदामाला कुलूप असतं.
बाकी सहा दिवस
चोपड्याच्या बंद जिनिंगच्या लांबट पोटात
आम्ही अकरा पोरी, सात पोरं
सरकीच्या जुन्या वासात दोऱ्या फिरवतो.
बॅगेत चिंध्या, कापसाची घाण, थोडी वाळू;
खालची बाजू दगड झालेली,
तिथे ठोसा बसला की मनगट सांगतं.

तडवी सर भुसावळला रेल्वेत होते.
त्यांची वही वेळापत्रकासारखी:
सोमवारी जोर, मंगळवारी पाय,
बुधवारी स्पारिंग, तीन राउंड, चौथा मागायचा नाही.
गुरुवारच्या चौकटीत नुसतं शून्य.
सकाळी डोळे उघडल्यावर, चहाच्या आधी,
ज्याने त्याने नाडी मोजून लिहायची.
माझी अठ्ठावन्न.

मला ते शून्य बघवत नव्हतं.
राज्य स्पर्धा तेवीस दिवसांवर.
नंदुरबारची एक पोरगी दिवसातून तीनदा सराव करते म्हणे.
कोण म्हणे? कोणीतरी म्हणे.
म्हणून गुरुवारी पहाटे साडेचारला
मी शिरपूर रस्त्याने धावले.
केळीचे ट्रक डोळ्यांवर लाइट मारत गेले,
एका क्लीनरने विचारलं, कोण मागे लागलंय गं?
संध्याकाळी गच्चीवर, टाकीच्या आड,
हवेला तीनशे जॅब.
हवा कधी थकत नाही, हाच तिचा दोष.

शुक्रवारी नाडी चौसष्ट. लिहिली अठ्ठावन्न.
पुढच्या शुक्रवारी बहात्तर. लिहिली अठ्ठावन्न,
वळणदार अक्षरात.
भाकरी उतरेना, झोप येईना.
नावच जागृती, घरात कुणाला नवल वाटलं नाही.

मग बुधवारी सुमली पावरानं,
माझ्याहून दोन वर्षांनी आणि सहा किलोंनी लहान,
एक उजवा आणला. सरळ. ओळखीचा.
मी तो येताना बघितला
स्टँडवर एसटी लागताना बघावी तसा,
पाटी वाचली, गावाचं नाव वाचलं,
आणि डावा हात वर येईतो
गाडी अंगावर.

सुमलीच जास्त घाबरली.
सर ओरडले नाहीत. हेडगार्ड काढलं,
दोन बोटं माझ्या गळ्याशी ठेवून घड्याळ बघितलं,
मग वही उघडून माझ्या ओळींवरून बोट नेलं.
अठ्ठावन्न. अठ्ठावन्न. अठ्ठावन्न.
"तुना हात थकेल शे, पोरी.
आनी अक्षर बी."

दुसऱ्या दिवशी मला वावरात बोलावलं.
परवा रात्री लाइट होती, पाणी भरलेलं.
काळी जमीन वरून कोरडी, साळसूद.
मी पाय टाकला तो घोट्यापर्यंत आत.
"आत्ता औत घातलं तर?"
मी शिंप्याची पोर, मला काय ठाऊक.
"ढेकळं. मग बस वर्षभर फोडत."
वाकून त्यांनी ओंजळभर माती उचलली,
माझ्या तळव्यावर ठेवली. वळ.
मी मूठ वळली, अंगठा बाहेर, सवयीने.
"सोड."
गोळा पडला तो तसाच राहिला
माझ्या चार बोटांचे ठसे घेऊन.
"फुटला नाही. वाफसा नाही अजून."
आणि ते बांधावर बसून तंबाखू मळू लागले,
जणू एवढंच काम होतं.
मी विचारलं, किती दिवस?
त्यांनी आभाळाकडे नाही, मातीकडे बोट केलं.
तिला विचार.

आज गुरुवार. नाडी सदुसष्ट.
सदुसष्टच लिहिली, अक्षर जरा वाकडं आलं.
खाली बाबांचं मशीन थांबलंय,
तेल सोडून त्यांनी ते झाकून ठेवलंय.
मी गोधडीवर पालथे हात पसरून पडलेय.
बोटांच्या सांध्यांवरचं सोललेलं कातडं
हळूहळू ओढलं जातंय, खाजतंय.
डावा हात मधूनच उडतो,
झोपेत कुत्र्याचा पाय उडावा तसा.
उडू दे.