वेर्ल्याला जाऊन

नेत्रावळीच्या पुढे घाट चढताना
आग्नेलच्या स्कूटरनं दोनदा दम टाकला.
मागे शर्मदा पिशवीत हात घालून मोजत होती:
माणसं चार, तवशी तीन.

वर गाव. पंधराएक घरं,
तांबड्या भिंती, अंगणात मिरच्या,
रेंज गेलेली.
कुणी सांगितलं नव्हतं,
तरी आम्ही हळू बोलू लागलो.

गोकुळी वेळीपनं पेज वाढली.
‘खंयच्यान आयल्यात?’
‘पणजी.’
तीही आली होती म्हणे, एकदाच.
चार मैत्रिणी, उसना टेम्पो.
विकायला काही नाही, हॉस्पिटल नाही,
नुसता दर्या बघायला.
सकाळी जाऊन रात्री परत.

कोनाड्यातून तिनं बाटली काढली.
मिरामारचं पाणी कधीच आटलेलं,
तळाला पांढरी चिमूट.
‘त्यातल्या दोघी आता नाहीत,’
म्हणाली,
आणि उन्हाला धरून बाटली हलवली.

नंदन पेजेत मीठ मागणार होता.
मागितलं नाही.

उतरताना आग्नेलनं इंजिन बंद केलं,
नुसती चाकं वाजत राहिली.
तिसरं तवसं तिच्या ओट्यावर राहिलं.
विसरून की मुद्दाम,
शर्मदा अजून सांगत नाही.