लोण्याची पिशवी

दंडाला पट्टा आवळला तशी खांडमा हसली:
"दुखतंय पोट, आणि रक्त हाताचं?"

जन्मभर तिनं मेंढ्यांची जठरं उलटी करून धुतली,
खरवडली, फुंकून फुगवली, सुकवली,
हिवाळ्याचं लोणी त्यांत ठासलं.
कुठली पिशवी दगा देणार
हे तिच्या बोटांना अंधारातही कळतं.

मला नळी उभी ठेवावी लागते.
रक्त साकळतं, वर पिवळसर पाणी सुटतं,
त्यात जठरातून झिरपलेली दोन प्रथिनं:
पेप्सिनोजेन एक, पेप्सिनोजेन दोन.
दुसरं जागेवर आहे.
पहिलं ओसरलंय.

बाहेर उणे एकतीस. आर्वाइहेरची वीज दोनदा गेली.
नवव्या दिवशी उलानबातरहून
दुर्बिणीनं खुडलेल्या तुकड्याचा अहवाल आला:
वाकडे जंतू भरपूर, ग्रंथी विरळ.

आकडे बाजूला ठेवून म्हणाले,
"पिशवी एका जागी विरलीय."

तिनं मफलर सोडला, पुन्हा बांधला.
"फाटली नाही ना?"
"नाही."
"मग तिथं बोट लावायचं नाही," ती म्हणाली,
जणू मीच शिकाऊ,
आणि चौदा दिवसांच्या गोळ्या
एकेक मोजून घेतल्या,
एक कमी निघाली म्हणून
माझ्याशी भांडलीसुद्धा.