खांब क्रमांक चारशे सतरा

नियम सहा: रात्री अकरानंतर
पाटीवरचा, कमानीवरचा, इमारतीच्या अंगावरचा
कुठलाही दिवा आभाळाकडे तोंड करून जळता कामा नये.
मीच टाइप केलं हे, विद्युत विभागाच्या खिडकीशी,
जिच्या बाहेर भर दुपारी बारालाही
एक बल्ब जळत असतो.
त्याचं बटण कुणालाच सापडत नाही.

मग सवलती. त्या काही पोटकलमांत मावेनात.
त्रिपुरीच्या पहाटे पंचगंगेचा घाट: सूट.
पणतीला लुमेन विचारणार कोण?
नवरात्रात देवीचं शिखर: सूट, दसऱ्यापर्यंत,
एक पत्र आलं, मग कोजागरीपर्यंत.
गणपतीत तालमींची मंडळं: सूट,
कारण दिली नाही तरी ती असतेच.
उद्यमनगरातल्या फौंड्रीत ओतलेल्या लोखंडाचा उजेड
बाहेरचा धरायचा की आतला
यावर दीड तास सभा, चहा दोनदा.
सुकुमार पाटणे म्हणाले, शटर ओढतो साहेब,
पण तांबडं शटरखालनं येतंयच.
सूट.

मसुदा बोर्डावर लागला. हरकतींना तीस दिवस.
आल्या दोन.
दोन्ही गंगावेशीमागच्या एकाच बोळातून,
एकाच खांबावर.

पहिली आक्काताई नेजदार यांची, नातवाच्या अक्षरात:
नवा पांढरा दिवा लावल्यापासनं
आमच्या म्हसरांस्नी रात कळंना झालीया.
हुबीच ऱ्हात्यात. धारंला बसलं की पाय झाडत्यात.
कट्ट्यावर गिऱ्हाईक पेला धरून थांबतंय
आन् चरवीत फेस बी येत न्हाई.
दिवा काढा, न्हाईतर तुमीच येऊन
म्हशीला सांगा रात हाय म्हणून.

दुसरी समोरच्या दारातून, निळ्या शाईत:
महोदय, अकरानंतर हा दिवा मंद करण्यास माझी हरकत आहे.
आमच्या खोलीत सात माणसं आणि एक बटण.
मी पायरीवर अभ्यास करते. नर्सिंग, पहिलं वर्ष.
हाडांची नावं फार बारीक छापतात.
आपली, तमन्ना बागवान.

नियमावलीत एका खांबाला एकच वागणूक.
साहेबांनी दोन्ही पत्रं एकमेकांना टाचली.
दप्तरी दाखल करा, म्हणाले.

शुक्रवारी रात्री मी केरबाला घेऊन गेलो.
केरबा दाभोळे, वायरमन, निवृत्तीला सात महिने.
त्यानं खांब बघितलाच नाही. आधी गोठा बघितला,
मग पायरी, मग पेलाभर दूध प्यायला, मिशी पुसली
आणि आक्काताईंना तेलाचा रिकामा डबा मागितला.
कात्रीनं त्याची एक बाजू कापली, शिडी लावली,
आणि दिव्याला गोठ्याच्या अंगानं
उन्हात डोळ्यांवर हात धरावा तसा
पत्रा बसवला. वाऱ्यानं वाजंल, म्हणाला,
म्हणून खाली सायकलच्या ट्यूबची पट्टी.

उजेड बोळात मधोमध कापला गेला.
इकडे पायरी, पुस्तक, चपलांचा जोड,
तिकडे दोन पावलांवर अंधार, शेणाचा वास,
आणि बऱ्याच वेळानं
पेंडीचं पोतं टेकवावं तसा
एक म्हैस बसल्याचा आवाज.
मग दुसरी.
तमन्नानं मान वर केली नाही. ओठ हलत होते:
स्कॅफॉइड, ल्युनेट, स्कॅफॉइड.

पत्रा नियमात बसत नाही.
महापालिकेच्या मालमत्तेत अनधिकृत फेरफार,
नियम अकरा, दंड पाचशे. तोही मीच टाइप केलेला.
सवलतींच्या वहीत शेवटचा रकाना कारणाचा.
वरच्या ओळींत धार्मिक, औद्योगिक, परंपरा, परंपरा.
मी लिहिलं: म्हैस.
थोडी जागा उरली होती. लिहिलं: हाडं.
साहेबांनी न वाचता सही केली.

खिडकीबाहेरचा बल्ब जळतोच आहे.
जाण्याआधी बटण हुडकून देतो, म्हणतोय केरबा.