पाचवी बाजू

भूगोलाचं पुस्तक तारावाहून बोटीने आलं,
कोपरे ओले, चौदावं पान गायब.
फळ्यावर लिहिलं : डोंगर. म्हणजे उंच जागा.
"आमचा तिसरा माड," तेऊआ म्हणाला.
"बाबा दोन्ही वेळा चढतात माडी काढायला.
वर गातात.
गाणं थांबलं की आई बाहेर येते."

दरी?
"आजोबांनी खणलेला अळूचा खड्डा.
आत उतरलं की मी कुणालाच दिसत नाही."

नदीपाशी मीच अडले.
एकदाच पाहिलेली, विमानातून, सुव्याला उतरताना,
तपकिरी, घाईत असल्यासारखी.
म्हटलं, वाहते. एकाच दिशेला. परत फिरत नाही.
वर्ग गप्प.
इथलं पाणी सहा तासांत घरी येतं.
"मग ती संपत कशी नाही?" काईब्वाने विचारलं.
उत्तर बहुधा चौदाव्या पानावर होतं.

भरती, ओहोटी, खाजण : यात ती माझी मास्तर.
कंकणद्वीप म्हणताच
सगळ्यांनी हवेत बोटाने बांगडी काढली,
पश्चिमेला, होड्या जातात तिथे, फुटकी.

शेवटी बेट.
चारही बाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग.
तीनदा म्हणून घेतलं, सुरात.
तिसऱ्यांदा तेरेसिया मध्येच थांबली.
"चारच?
आमच्या विहिरीत खालूनही येतं.
चहा खारट लागतो आता."

खडू हातात तसाच.
परीक्षेत चार लिही, मी म्हणाले.
तिने वहीत लिहिलं : चार.
आणि पुढे, बारीक अक्षरात :
परीक्षेपुरत्या.