टांगलेलं जहाज

सव्वीस वर्षं मी हे चर्च झाडतेय.
छपरावर गवत, गवतावर कुणाची तरी मेंढी,
आत बिनरंगाचं लाकूड,
डांबराचा आणि ओल्या लोकरीचा वास.
पाळकबाई सहा आठवड्यांनी येतात, तेही बोट सुटली तर.
एरवी हानुस छापील प्रवचन वाचतो,
बोट ओळीखाली धरून,
दुकानात उधारीची वही वाचतो तसं.

खोटं कशाला बोलू,
प्रार्थना आता माझ्या तोंडून
कुलपात किल्ली फिरावी तशी निघते.
रोजची भाकर मागताना
माझा जीव चुलीवरच्या बटाट्यांत असतो.
सोमवारी प्याले धुते. पाणी कडकडीत, साबण बेताचा.
तळाशी लाल थेंब वाळलेला दिसला
तर नखानं खरवडते. बस्स.
लहानपणी त्याच थेंबाची मला भीती वाटायची.

परवा दोर बदलायचा होता.
वेदीसमोर छताला एक लाकडी जहाज टांगलंय,
हातभर लांब, तीन डोलकाठ्यांचं.
कोरणाऱ्याचं नाव नोंदवहीत नाही.
नुसतं एक साल, आणि पुढे दोन शब्द:
वाचलो म्हणून.

हानुसनं शिडी धरली. मी चढले.
गुडघे कुरकुरले, दोन्ही वेगवेगळ्या सुरांत.
आजवर खालूनच, लांब काठीच्या ब्रशानं
मी त्याचं पोट पुसत आले होते.
वरून पाहायची ही पहिलीच वेळ.

धूळ. बोटभर धूळ. एक मेलेली माशी.
शिडांच्या दोऱ्यांत कोळ्याचं सोडून दिलेलं घर.
मी फुंकर मारली,
आणि सुकाणूपाशी, मागच्या कोपऱ्यात,
एक माणूस झोपलेला.

माझ्या करंगळीच्या नखाएवढा.
पाय पोटाशी, एक हात गालाखाली,
आणि डोक्याखाली
(चष्मा पुसून पुन्हा पाहिलं)
उशी.
उशीला शिवणसुद्धा कोरलेली.

"काय आहे गं वर?" हानुस खालून.
"धूळ," मी म्हटलं,
आणि तेवढ्यात शिंक आली, म्हणून निभावलं.

दारू पिऊन पडलेला एखादा खलाशीही असेल म्हणा.
आमच्याकडे तेही झोपतात असेच.
पण दारुड्याच्या उशीची शिवण
कोण कोरत बसेल, तेही जिथे कुणाची नजर
कधीच पोचायची नाही तिथे?

अख्खं गाव त्याच्याखाली बसून म्हातारं झालं.
बाप्तिस्मे झाले, लग्नं झाली,
आणि ती नोव्हेंबरातली सभा, माझ्या भावाची,
पेटीशिवाय, कारण समुद्रानं दिलंच नाही काही.
त्या दिवशी मी गाणं म्हटलं नव्हतं.
या जहाजाच्या तळाकडे बघत
दात आवळून विचारत होते, कुठे होतास तू?

इथेच. फळीच्या पलीकडे. गाढ झोपेत.

राग यायला हवा होता.
आला. थोडासा. शिडीवर उभ्यानंच.
मग हातमोज्यातून लोकरीचा एक धागा तुटला होता,
तो मी त्याच्या अंगावर घातला,
आणि बाबांनी शिकवलेली गाठ मारून
जहाज पुन्हा वर चढवलं.

रविवारी वारा होता. दार उघडलं की
जहाज किंचित हलायचं.
हानुस वाचत होता, मी वर बघत होते,
आणि माझ्या शेजारची मार्युन, सात वर्षांची,
माझं बघून वर बघायला लागली.
"काय आहे तिथे?"
"झोपलंय कुणीतरी," मी तिच्या कानात.
तिनं डोळे एवढे मोठे केले.

मग प्रार्थना सुरू झाली तेव्हा
ती पोर कुजबुजत म्हणायला लागली,
एकेक शब्द
पाळण्याजवळून चवड्यांवर जावं तसा.
आणि मीही, कितीतरी वर्षांनी,
भाकर या शब्दापाशी थांबले.

मध्येच तिनं माझी बाही ओढली.
"पण त्याला उठवायचं असतं ना?"

मला काही सुचेना.
पुढे हानुसनं पुस्तक मिटलं
आणि आमेन म्हणाला,
नेहमीपेक्षा जरा मोठ्यानंच.