केझियाच्या रेकॉर्डबद्दल, विचारलं म्हणून

कव्हरवर माझं नाव ‘रुफ’ छापलंय. ते रऊफ आहे.
एवढं आधी लिहून घ्या.
न्यू गुलशन ब्रास बँड, कादराबाद, जालना.
लग्नसराईत सॅक्सोफोन, एरवी कूलर दुरुस्ती.

केझिया निर्मळ मिशन दवाखान्यात नर्स.
नऊ गाणी तिची, नऊही प्रेमाची,
आणि एकातही ‘प्रेम’ हा शब्द नाही.
तो शब्द आला की पेशंट सावध होतो, म्हणायची.

रेकॉर्डिंग सरकीच्या गोदामात.
छतापर्यंत पोती, आवाज भिंतीला लागून
परत येऊ नाही म्हणून.
दगडूबा हलगीवर दाढीचा ब्रश फिरवायचा,
पॉलिटेक्निकचे ढवळे सर उभ्या बासला कवटाळून,
उंच नातेवाइकाला स्टँडवर निरोप द्यावा तसे.
चौथ्या गाण्यात लांबून धप्प धप्प येतं,
ती एमआयडीसीतली रोलिंग मिल. काढता आली नाही.

मला पहिल्याच दिवशी म्हणाली,
रऊफभाई, ताल पुढं जाऊ द्या,
आपण त्याच्या मागनं, निवांत,
वरातीत गुडघेदुखीवाला काका चालतो तसं.
याला जॅझ म्हणतात.
मी म्हटलं, हे तर आम्ही भर उन्हात रोज करतो,
मालक पैसे कापतो त्याचे.

मग ते बाहेर आलं.
पुण्याच्या पेपरात एकानं लिहिलं,
‘दुष्काळी मातीतून उमटलेला धुरकट हुंकार’.
केझियानं दोनदा वाचलं. धुरकट ठीकय,
पण नऊ गाण्यांत यांना दुष्काळ कुठं सापडला?
मंडळीतल्या बायका चर्चच्या पायरीवर:
आवाज देवानं दिलाय गं, पण हा ‘तू’ कोण?
पाळक म्हणाले, मी ‘तू’ म्हणजे प्रभू समजून ऐकलं,
तिसऱ्या गाण्यापर्यंत जमलं.
तिच्या आईनं कुकर लावून ऐकलं.
आमची फर्जाना म्हणे,
इतक्या हळू हाक मारल्यावर येतं का कुणी?
आणि रात्री भांडी घासताना तेच, तितकंच हळू.

सहा महिन्यांनी बँकेचा मेसेज, दोनशे बारा रुपये.
चौघांत मोसंबीचा ज्यूस,
उरलेले बारा दगडूबानं कनवटीला लावले.

तारीफ सगळ्यांनी सातव्याची केली.
पुणेवालाही तिथं मऊ पडला.
दुसऱ्या कडव्याआधी ती श्वास घेते
आणि काहीच वाजत नाही. ‘धाडसी मौन’, लिहिलं त्यानं.

दोन नंबर वॉर्डात टाकसाळे म्हणून
रिटायर एसटी कंट्रोलर होते.
नातवाच्या मोबाइलवर रात्रभर तेच गाणं.
सलाईन बदलणाऱ्या केझियालाच सांगू लागले,
सिस्टर, ऐका, ही बाई इथं दमली नाही.
गाडी सुटायची वेळ झालीय, घंटी पडलीय,
एक पॅसेंजर दिसंना,
म्हणून हिनं ड्रायव्हरला हात केलाय.
केझिया थेंब मोजत राहिली.
गाणं आपलं आहे, हे काही बोलली नाही.

मला सांगितलं, दवाखान्यासमोरच्या टपरीवर.
चहावरची साय बोटानं बाजूला करत विचारलं,
रऊफभाई, तिथं तुम्ही थांबलात कसे?
ठरलं नव्हतं आपलं.

मी म्हटलं, सुचलं.

खोटं.
तिथं मला वाजवायचं होतं. कागदावर होतं तसं.
रीड ओठांत, बोटं जागेवर,
आणि तिनं श्वास घेतला,
तर मी ऐकतच राहिलो.
ढवळे सरांची भुवई वर गेली
तोवर दोन मात्रा निघून गेलेल्या.

हे छापू नका.

परवा अंबडला वरात होती.
ठेका चढलेला, पोरं रंगात आलेली,
घोडीसुद्धा तालात मान हलवत होती,
आणि माझ्याकडनं पुन्हा तसंच झालं.
अख्खी वरात एक पाय उचलून उभी.
मग कुणीतरी ओरडलं,
ए बाजावाले, झोपला का?

मालकानं शंभर कापले.